तिसरीपासून तिसरी भाषा

कचेरीचे प्रमुख सिल्वेस्तर साहेब यांनी घोषणा केली तशा जिल्हा शिक्षण कचेरीच्या त्या लांबट खोलीत टाळ्या पडल्या. देताबाईंनी काही टाळी वाजवली नाही, आणि ते साहेबांच्या नजरेतून सुटलंही नाही.

"काय हो बाई, पटलं नाही वाटतं?"

"ऐकतेय, साहेब."

"मग नीट ऐका. आपल्या जिल्हाप्रमुखांनी, खुद्द बुपातींनी, परवा भर सभेत सगळ्या जिल्ह्याला शब्द दिलाय. जुलैत शाळा उघडल्या की झाडून सगळ्या शाळांत इंग्रजी. तेही पहिलीपासून! शेजारच्या जिल्ह्यात तिसरीपासून करतायत, म्हणजे आपण त्यांच्या पुढं. शिकवायला माणसं नाहीत, मान्य. पण शहरातल्या एका कंपनीशी बोलणं झालंय. प्रत्येक शाळेत एक पडदा. पडद्यावरची बाई बोलणार, पोरं तिच्या मागून म्हणणार. आपल्या मास्तरांनी फक्त बटण दाबायचं."

पुन्हा टाळ्या.

बेर्नादेता वेआ, म्हणजे सगळ्यांच्या देताबाई, कचेरीत प्राथमिक शाळांचं काम बघत. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डोंगरावरच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला होता. पहिलीत येणारं पोर घरून काय घेऊन येतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते डोंगरची बोली घेऊन येतं. 'बस', 'ऊठ', 'वही काढ' एवढं इंडोनेशियन, म्हणजे देशाची आणि शाळेची भाषा, त्याच्या कानात मुरायलाच अर्धं वर्ष सरतं. तोवर ते बिचारं भिंतीवरच्या पालीसारखं गप्प, डोळे तेवढे उघडे.

"साहेब," त्या म्हणाल्या, "पहिलीच्या पोराला इंडोनेशियनच परकं असतं. त्याच्यावर आणखी एक भाषा ओतली तर धड कुठलीच यायची नाही. तिसरीपासून घेऊ. आणि पडद्यावरची बाई प्रश्न विचारेल हो, पण पोराचं उत्तर ऐकणार कोण? आधी आपल्या मास्तरांना तयार करू. रोज थोडं थोडं तेच शिकवतील."

"कोण? ते म्हातारे मास्तर?" साहेबांनी खुर्चीत मागं रेलून सगळ्यांकडं बघितलं. "अहो बाई, ते इंग्रजी बोलायला लागले तर गावची डुकरं दावं तोडून पळतील!"

खोलीभर हशा झाला. देताबाईंची कानशिलं तापली. त्यांना रागात बोलायची सवय नव्हती, पण त्या दिवशी बोलून गेल्या.

"मग मला थोड्या शाळा तोडून द्या. करून दाखवते."

 साहेब खुशीत आले.

"वोलोसारोचा डोंगर घ्या! तिकडं धड वीज नाही, रस्ता नाही, कंपनीवालेसुद्धा नाही म्हणतायत. वर्षभर काय हवं ते करा. वर्षाच्या शेवटी प्रांताची माणसं पाहणीला येणारच आहेत. तोंडावर पडलात तर मात्र नंतर माझ्या कामात चकार शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

वोलोसारो म्हणजे लवंगांचा डोंगर. तोडणी झाली की वाटेवर, अंगणात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथं ऊन पडेल तिथं चटया आणि चटयांवर लवंगा. मुलांच्या वह्यांनाही तोच वास. डोंगरावरच्या सगळ्या शाळांचे मास्तर आणि बाया वरच्या शाळेत जमले तेव्हा देताबाईंनी आपला आराखडा त्यांच्यापुढं मांडला. वर्ग ज्याचा त्यानंच शिकवायचं. आठवड्याला एक लांबलचक तास घ्यायचा नाही, रोज घटकाभरच, पण रोज. पाठांतर नाही. आज कोण आलं नाही, सकाळी काय खाल्लं, पाऊस येणार का, असलं वर्गातलं रोजचं बोलणं. आणि दर शनिवारी सगळ्यांनी इथं जमून पुढच्या आठवड्याचं आधी आपण शिकायचं.

मेलानिया नावाची तरणी बाई भीत भीत उठली. "बाई, मला 'थँक्यू'च्या पुढं काही येत नाही."

"मग 'थँक्यू'च्या पुढून सुरू करू."

थोडं हसू फुटलं. एवढ्यात मागच्या बाकावरून दोमी गुरुजी उठले. दोमिनिकुस रागा. केस पांढरेशुभ्र, सदरा कडक इस्त्रीचा. त्या खोलीतल्या निम्म्या मास्तरांना त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवली होती. त्यांना निवृत्त व्हायला फार काळ उरला नव्हता.

"बाई, तुमचं चांगलं चालू दे," ते शांतपणे म्हणाले. "मला यातून वगळा." टोपी घातली आणि निघून गेले.

 बैठक पुढं चालली खरी, पण प्रत्येकाचं लक्ष दाराकडं. पुढच्या शनिवारी मेलानिया आली, आणखी एक-दोघं आले. बाकी कोणी फिरकलं नाही. दोमी गुरुजी नाहीत म्हणजे डोंगर नाही, हे देताबाईंना तेव्हाच कळून चुकलं.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर त्या गुरुजींच्या घरी गेल्या. गुरुजी अंगणात डुकरांसाठी केळीचे खुंट चिरत बसले होते. त्यांनी कोयता बाजूला ठेवला, बायकोला कॉफी टाकायला सांगितली आणि बाईंना बाकड्यावर जागा करून दिली.

"ओढून न्यायला आलात?"

"नाही, गुरुजी. का उठून गेलात तेवढं विचारायला आले."

कॉफी आली तशी गुरुजींनी ती बाईंच्या हातात दिली. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ होता. पाउलुस. आम्ही दोघं एकाच शाळेत. तेव्हा वर्गात बोलीतला शब्द तोंडातून गेला की गळ्यात लाकडाची फळी पडायची. दुसरं कोणी चुकेपर्यंत ती उतरायची नाही. दिवस सरताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. पाउलुसच्या तोंडात बोलीच यायची, काय करणार? मग त्यानं तोंड उघडणंच सोडलं. शाळेत येऊन नुसता बसायचा. आई त्याला विचारायची, आज काय शिकलास, तर घरीही बोलायचा नाही. पुढं शाळाच सुटली त्याची. मी मास्तर झालो तो त्याच्यासाठी. माझ्या वर्गात बोलीसाठी एका पोराला मी दटावलेलं नाही. विचारा डोंगरात कोणालाही."

"ठाऊक आहे मला."

"आता तुम्ही इंग्रजी आणताय. उद्या वरून कोणी म्हणेल, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला. परवा कोणी फळी शोधून आणेल."

देताबाईंनी हातातली कॉफी खाली ठेवली. तासाला फक्त इंग्रजी, हे त्यांच्या आराखड्यात होतंच. त्यांनीच घातलं होतं, आणि मोठ्या अभिमानानं.

"ते मीच ठरवलं होतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. काढून टाकते. बोलीनं सुरुवात करू. आधी बोलीत, मग इंडोनेशियनमध्ये, मग त्यातलं जमेल तेवढं इंग्रजीत. कुठल्याही पोरानं कुठल्याही तासाला आपल्या बोलीत विचारावं, आणि त्याला उत्तर मिळावं. चालेल?"

 एवढ्या सहजी बाई मागं सरतील असं गुरुजींना वाटलं नसावं.

"आणखी एक आहे," ते हळूच म्हणाले. "सांगायला लाज वाटते. मला भीती वाटते, बाई."

"तुम्हाला? कशाची?"

"चुकायची. सगळा डोंगर मला गुरुजी म्हणतो. आता या वयात पोरांपुढं बोबडं बोलू?"

"बोबडंच बोलायचं, गुरुजी. पोरंही तसंच शिकतात की."

आतून गुरुजींची बायको म्हणाली, "माझ्याशी बोलतानाही चुकतात ते. तेव्हा नाही लाज वाटत!"

गुरुजी आधी चिडले, मग हसले, आणि मग त्यांनी अटी घातल्या. पहिली दोन वर्षं या विषयाला गुण द्यायचे नाहीत. मास्तर चुकला तर पोरांनी सांगायचं, आणि त्याला कोणी उद्धटपणा म्हणायचं नाही. देताबाईंनी दोन्ही मान्य केल्या. पुढच्या शनिवारी बसायला बाक पुरले नाहीत.

तिसरीच्या वर्गात पहिल्या दिवशी गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, ही भाषा मला येत नाही."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. गुरुजींना येत नाही असं काही जगात असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

स्तासी नावाची एक चुणचुणीत पोर पुढच्या बाकावर बसायची. तिनं विचारलं, "मग गुरुजी, तुम्हीपण आमच्याबरोबर बसणार?"

"सरक थोडी," गुरुजी म्हणाले, आणि खरंच तिच्या शेजारी जाऊन बसले.

काम सोपं मात्र गेलं नाही. पावसात वाट वाहून गेली की देताबाई चिखल तुडवत चढायच्या. एका शाळेतले मास्तर आजारी, दुसरीकडच्या बाई बाळंतपणाला गेलेल्या. माध्यमिक शाळेचे इंग्रजीचे फ्लोरी सर पहिल्यांदा आले तेच कुरकुरत.

"कशाला एवढी उठाठेव? माझ्याकडं येतात तेव्हा मी सगळ्यांना ए-बी-सी-डीपासूनच सुरू करतो."

"म्हणूनच तर बोलावलंय तुम्हाला," देताबाई म्हणाल्या. "उद्या ही पोरं तुमच्याकडं बोलत येतील. ती कुठवर आलीत ते बघा आणि तिथून पुढं न्या. नाहीतर आमची सगळी मेहनत तुमच्या दारात सांडायची."

फ्लोरी सरांना ते लागलं. पण मग ते दर शनिवारी येऊ लागले, आणि उच्चार दुरुस्त करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. ते येत नव्हते त्या दिवसांत दोमी गुरुजींनी कोंबडीला 'किचन' म्हटलं होतं. ते किचन डोंगरभर पसरलं. आमच्या घरी खूप किचन आहेत, रोज अंडी घालतात, असं पोरं मोठ्या ऐटीत सांगायची. शनिवारी फ्लोरी सरांनी हे ऐकलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी लाल झाले. मग सोमवारी वर्गात जाऊन म्हणाले, "पोरांनो, आपलं चुकलं. कोंबडीला स्वयंपाकघर म्हणत होतो आपण." आठवडाभर डोंगरात दुसरा विनोद नव्हता.

हळूहळू फरक दिसू लागला. मुलं पाणवठ्यावर, वाटेवर, लवंगा वेचताना एकमेकांना प्रश्न विचारायची, शब्द अडला की बोलीतला घालायची, आणि पुढं जायची. इंडोनेशियनही आपोआप धीट झालं होतं. ज्या पोरांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता ती हात वर करू लागली.

खाली शहरात पडदे लागले होते. वीज असली की चालायचे. सिल्वेस्तर साहेबांनी सगळ्या शाळांना स्वागताचं एक लांब भाषण पाठ करायला लावलं होतं. प्रांताची माणसं यायची वेळ झाली तसा त्यांचा फोन आला.

"बाई, भाषण झालं का पाठ?"

"नाही, साहेब. आमच्याकडं पाठ काही नाही. पाहुण्यांनी काय हवं ते विचारावं."

"काय हवं ते? अहो, वेड लागलंय का? पोरं गप्प बसली तर?"

"तर मी तोंडावर पडले असं समजा. कबूल केलंय ना मी?"

फोन ठेवल्यावर त्यांना धास्ती वाटली. पण शब्द त्यांनी मागं घेतला नाही.

पाहणीसाठी आलेल्या तोबेबाई फारसं न बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. आधी शहरातल्या शाळांत गेल्या. पोरांनी एका सुरात भाषण म्हटलं, एक शब्द चुकला नाही. साहेबांची छाती फुगली. मग तोबेबाईंनी एका मुलाला इंग्रजीत त्याचं नाव विचारलं. मुलानं शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं पडद्याकडं बघितलं, आणि अख्ख्या वर्गानं भाषण पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या शाळेतही तेच. तोबेबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. साहेब रुमालानं मान पुसत राहिले.

वोलोसारोच्या चढावर गाडी चिखलात रुतली. शेवटचा टप्पा सगळ्यांना पायी यावं लागलं. तोबेबाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे बूट घोट्यापर्यंत मातीनं भरले होते. देताबाई भिंतीला टेकून उभ्या. 

पोरांनी उठून नमस्कार केला. पाहुणीनं काही विचारायच्या आतच स्तासी त्यांच्या पायांकडं बघत म्हणाली, "मॅडम, युवर शूज... डर्टी. यू वॉक?"

तोबेबाईंच्या भुवया वर गेल्या. "येस. आय वॉक्ड."

"व्हाय? नो कार?"

"द कार इज स्टक."

'स्टक' कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात खुसफुस सुरू झाली, थोडी बोलीत, थोडी इंडोनेशियनमध्ये. गाडी म्हणाल्या, मग काय म्हणाल्या? गुरुजी पुढं झाले नाहीत, पोरांकडं बघत राहिले. मागच्या बाकावरून एकानं गाडी रुतल्याची नक्कल केली, घुर्र घुर्र करत जागच्या जागी. आणि स्तासी ओरडली, "कार नो गो! मड!"

"एक्झॅक्टली!" म्हणून तोबेबाई खळखळून हसल्या. चष्मा काढून पुसावा लागला त्यांना.

मग धरणच फुटलं. यू हॅव चिल्ड्रन? यू लाइक आवर माउंटन? यू ईट पिग? तोबेबाई उत्तर द्यायच्या, उलट विचारायच्या, पोरं अडखळत, शब्द उसने घेत, पण थांबत नव्हती. दोमी गुरुजींनाही राहवलं नाही. पाहुणीला खुर्ची देत ते झोकात म्हणाले, "मॅडम, प्लीज सिट डाउन. यू आर हंगरी. वी हॅव स्वीट पोटॅटो अँड किचन."

"चिकन, गुरुजी, चिकन!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला.

सिल्वेस्तर साहेब उसळले. "गुरुजींना हसता? काय ही शिस्त!"

"राहू द्या, साहेब," गुरुजी हात वर करून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आमच्यात तसं ठरलंय. त्यांना कळलं म्हणून तर हसले."

आणि तेवढ्यात स्तासीनं साहेबांकडं मोर्चा वळवला. "सर, यू लाइक टी ऑर कॉफी?"

सगळ्यांच्या नजरा आपल्यावर बघून साहेब गांगरले. "येस," ते म्हणाले.

पोरांनी ओठ दाबून धरले. स्तासी मात्र समजूतदारपणे म्हणाली, "ओके, सर. टू कप."

तोबेबाई निघताना देताबाईंचा हात हातात धरून एवढंच म्हणाल्या, "पाहणी करताना कोणी मलाच प्रश्न विचारले असं आजवर घडलं नव्हतं."

जिल्ह्याच्या सभागृहात निर्णय व्हायचा होता. बुपाती मधल्या खुर्चीवर, समोर सगळे सभासद, मागं डोंगरावरचे मास्तर दाटीवाटीनं. तोबेबाईंनी आपलं म्हणणं मांडलं: वोलोसारोची मुलं चुका करतात आणि बोलतात, बाकीची चुकत नाहीत आणि बोलतही नाहीत. मग सिल्वेस्तर साहेब उठले. आता हे सगळं माझ्याच देखरेखीखाली झालं म्हणणार, असं मेलानिया देताबाईंच्या कानात पुटपुटली.

साहेबांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग ते म्हणाले, "हा आराखडा देताबाईंचा आहे. मी त्यांना तिकडं पाठवलं ते त्या तोंडावर पडाव्यात म्हणून. आठ वर्षांच्या पोरीनं मला चहा की कॉफी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. माझी विनंती आहे की हेच सगळ्या जिल्ह्यात व्हावं. आणि शनिवारी मलाही बसू द्यावं."

बुपातींनी देताबाईंना विचारलं, "पण बाई, मी पहिलीपासून म्हणून शब्द दिलाय. लोक काय म्हणतील?"

"पहिलीपासूनच सुरू करू की, साहेब," देताबाई म्हणाल्या. "पहिली-दुसरीत पोरांना बोलीत आणि इंडोनेशियनमध्ये मोकळेपणी बोलायला शिकवू. इंग्रजीची तयारी तीच. तिसरीत तिसरी भाषा येईल. आणि आधी एक वर्ष सगळ्या मास्तरांच्या तयारीचं. घाई केली तर तुमचा शब्द पोरं फक्त पाठ करतील."

बुपाती हसले, आणि हात वर करून मंजुरी मागितली. समोर एकही हात खाली राहिला नाही. बोलीला मुभा, गुणांना रजा, दर शनिवारी मास्तरांचा वर्ग, माध्यमिक शाळांशी बांधलेली गाठ, एकूण एक गोष्ट मंजूर झाली. मागच्या रांगांतून अशी आरोळी उठली की बाहेरचे पट्टेवाले धावत आत आले.

मास्तरांना घेऊन आलेला ट्रक डोंगर चढू लागला तोवर बातमी वर पोचली होती. वाटेवरच्या प्रत्येक वस्तीत माणसं उभी. वरच्या शाळेच्या पटांगणात ढोल आणि घंटा वाजत होत्या, डुकराचं मटण चुलीवर चढलं होतं, ताडाची दारू बांबूच्या नळ्यांतून फिरत होती. दोमी गुरुजींच्या बायकोनं देताबाईंच्या खांद्यावर स्वतःच्या हातचं विणलेलं, निळ्या-काळ्या नक्षीचं वस्त्र घातलं. देताबाईंना बोलायचं होतं, पण शब्दच येईनात.

"कुठल्याही भाषेत चालेल, बाई!" कोणीतरी ओरडलं, आणि पटांगण हसलं.

गुरुजींनी त्यांना हाताला धरून रिंगणात ओढलं. रिंगण वाढत गेलं, पोरं आत शिरली, मेलानिया, फ्लोरी सर, म्हाताऱ्या बाया, सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पायांनी ताल धरत. नाचता नाचता गुरुजी धापा टाकत म्हणाले, "बाई, जूनमध्ये मी सुटतो नोकरीतून. किनाऱ्यावरच्या शाळा कोणाकडं देताय?"

"का? तुम्हाला जायचंय?"

"तिकडचे मास्तर माझ्याहून म्हातारे आहेत म्हणतात. घाबरले असतील बिचारे. मी जाऊन सांगतो त्यांना, कसं चुकायचं ते."

देताबाईंनी मान डोलावली. ढोल आणखी जोरात घुमू लागला, आणि त्यांनी चपला पायातून उडवून दिल्या.